झुलवीची सुईण

सोमवारी सकाळी दहाच्या सुमाराला मनकर्णा गोठ्यात शिरली. हरणी भिंतीकडं तोंड करून उभी होती आणि पुढच्या पायानं भुई उकरत होती. कास ताठ झाली होती, शेपटीच्या दोन्ही अंगांना खड्डे पडले होते आणि मागं चिकट स्रावाची तार लोंबत होती. शेळी आज विणार, हे मनकर्णाला एका नजरेत कळलं. पण ठरलं होतं ते वेगळंच. गुरुवारी पुण्याहून डॉक्टरांचं पथक येणार होतं आणि हरणीला भूल देऊन, पोट उघडून करडू अलगद बाहेर काढणार होतं. गुरुवारला अजून तीन दिवस होते. ज्या करडाची वाट मोठमोठी शिकलेली माणसं वर्षानुवर्षं पाहत होती, ते यायला निघालं तेव्हा गोठ्यात होती एकटी मनकर्णा, काखेत कडब्याची पेंढी घेऊन.

तिनं पेंढी टाकली आणि सुमेधाला फोन लावला. सुमेधा ही पुण्याजवळच्या एका संशोधन संस्थेतली शास्त्रज्ञ, ह्या सगळ्या प्रयोगाची प्रमुख. तिनं दोनच प्रश्न विचारले, पाणमोट फुटली का आणि शेळी बसली का. दोन्हींचं उत्तर नाही आलं तेव्हा ती म्हणाली, आम्ही आत्ताच निघतो, तीन तासांत पोचतो.

"आणि ताई, एक लक्षात ठेवा. आम्ही येईपर्यंत हात घालायचा नाही. काहीही झालं तरी."

मनकर्णानं हो म्हटलं. म्हटलं खरं, पण फोन ठेवल्यावर ती चुलीवर पाणी तापत ठेवून आली.

मनकर्णा मूळची कोल्हारची, प्रवरेच्या काठची. उसाच्या हिरव्यागार फडांमध्ये वाढलेली. एकोणिसाव्या वर्षी लग्न होऊन ती कर्जत तालुक्यातल्या बोरखडी वाडीला आली, तेव्हा पहिले आठ दिवस तिला वाटायचं, आपण चुकून दुसऱ्याच मुलखात उतरलो. इथं माळ होता, दगड होते आणि शेळ्या होत्या. माहेरी बापाच्या दावणीला जर्सी गाया. शेळीला तिनं जन्मात हात लावलेला नव्हता. सासूनं, बनुबाईनं, पहिल्याच आठवड्यात तिच्या हातात काठी दिली आणि सांगितलं, आजपासून ह्या सोळा शेळ्या तुझ्या.

पुढं काही वर्षांनी वाडीत शेळ्यांचा रोग आला. नाकातोंडातून पाणी, हगवण आणि चौथ्या दिवशी खेळ खलास. सोळापैकी अकरा गेल्या. ह्या रोगाची लस असते आणि ती वेळेवर टोचली असती तर एकही गेली नसती, हे मनकर्णाला नंतर कळलं, आणि ते तिच्या मनाला फार लागलं. त्याच वर्षी कर्जतला बायकांना पशुसखीचं प्रशिक्षण मिळणार असल्याचं तिच्या कानावर आलं. नवरा अंगद टेम्पो चालवायचा, तो महिन्यातले वीस दिवस बाहेर. तिनं कुणाला फारसं विचारलं नाही, एसटी धरली आणि गेली. सुई टोचायला शिकली, जंताचं औषध पाजायला शिकली, तापमान बघायला शिकली. सुरुवातीला माणसं हसायची. बाई शेळ्यांना इंजेक्शन देते, हे बघायला पोरंसोरं गोळा व्हायची. मग हळूहळू लोक तिची वाट बघायला लागले. आता आजूबाजूच्या अकरा वाड्यांमध्ये शेळी आजारी पडली की पहिला फोन मनकर्णाला जातो.

पण तिला खरं घडवलं ते वाडीतल्या आक्काबाईच्या शेळीनं. करडू आडवं आलं होतं. अवघड बाळंतपणात पशुसखीनं हात घालायचा नाही, डॉक्टरांना फोन करून थांबायचं, असं प्रशिक्षणात सांगितलेलं. मनकर्णा थांबली. डॉक्टर त्या दिवशी तालुक्याच्या दुसऱ्या टोकाला होते, त्यांना यायला चार वाजले. शेळी तीन वाजता गेली.  आक्काबाईनं शेळीच्या गळ्यातली दोरी सोडून घेतली, गुंडाळली आणि ती घरात निघून गेली. ती गुंडाळलेली दोरी मनकर्णाला महिनाभर झोपू देईना. शेवटी ती नगरला गेली, शामकांत मुळे नावाच्या निवृत्त पशुवैद्यकाकडे. अडलेलं करडू सोडवायला शिकवा, म्हणून त्यांच्या दारात बसली. मुळे डॉक्टरांनी तिचे हात पाहिले. लहान, अरुंद पंजे. ते म्हणाले, शेळीच्या कामाला ह्याच्यापेक्षा चांगलं हत्यार मिळायचं नाही. वर्षभर ते तिला सोबत घेऊन फिरले.

ह्याच मुळे डॉक्टरांनी फार पूर्वी, मनकर्णा लग्न होऊन यायच्याही आधी, बनुबाईच्या दावणीच्या दोन म्हाताऱ्या शेळ्यांच्या कानांचे तुकडे कापून नेले होते. त्या झुलवी शेळ्या होत्या. काळ्या रंगाच्या, अंगावर झूल टाकावी तसे गुडघ्यापर्यंत लोंबणारे केस, कानाच्या शेंड्याला गाठ. दूध बेताचं, अंग बारकं, म्हणून बाजारात त्यांना कुणी विचारत नसे. लोकांनी मोठ्या जातीचे बोकड आणून संकर केला, आणि वीसपंचवीस वर्षांत निखळ झुलवी कुठं उरलीच नाही. बनुबाईच्या त्या दोन शेवटच्या. त्याही मेल्या. कानांचे तुकडे मात्र संस्थेत, द्रवरूप नायट्रोजनच्या थंडगार भांड्यात पडून राहिले.

सुमेधानं ते बाहेर काढले तेव्हा निम्म्या पेशी खराब झालेल्या निघाल्या. मधल्या काळात कधीतरी भांड्यातला नायट्रोजन कमी पडला होता. मग जनुकांचा जो भाग तुटला होता तो संगमनेरी शेळीच्या जनुकांवरून दुरुस्त करून घेतला, त्या पेशीचं केंद्रक संगमनेरीच्या, आतलं केंद्रक काढून मोकळ्या केलेल्या बीजांडात घातलं आणि त्याचा गर्भ संगमनेरीच्याच पोटात ठेवला. मुळे डॉक्टरांनी हे बनुबाईला समजावून सांगितलं, गोधडी विरली तिथं ठिगळ लावलं म्हणून. अठ्ठ्याहत्तर वर्षांची बनुबाई, दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, तिनं सगळं नीट ऐकून घेतलं आणि विचारलं, "म्हंजे करडू कुनाचं म्हनायचं?" डॉक्टर हसले.

बावीस शेळ्यांच्या पोटात गर्भ ठेवले. एकोणीस जणींना ते राहिलेच नाहीत. एका शेळीनं मध्येच गर्भ टाकला. एकीनं पूर्ण दिवस भरून करडू दिलं, ते ओढून काढताना छाती दबली आणि दहा मिनिटांत गेलं. उरली हरणी. ही मनकर्णाची स्वतःची शेळी, आई मेल्यावर बाटलीनं दूध पाजून वाढवलेली. मुळे डॉक्टरांच्या शब्दाखातर तिनं ती प्रयोगाला दिली होती. करारात लिहिलेलं होतं, शेळी मालकिणीची, गर्भ संस्थेचा, आणि बाळंतपण फक्त संस्थेच्या पथकाच्या हातून. गोठ्यात कॅमेरा बसवला होता. वाडीतले काही लोक हरणीला माळावर बघून आपल्या शेळ्या दुसरीकडं वळवायचे. प्रयोगशाळेचं काहीतरी तिच्या पोटात आहे, ते आपल्या जनावरांना लागेल, अशी भीती. मनकर्णानं त्यांच्याशी वाद घातला नाही. ती हरणीला घरीच चारायला लागली.

सुरुवातीला हरणीच्या पोटात दोन गर्भांचे ठोके दिसले होते. तिसऱ्या महिन्यानंतर एकच ऐकू यायला लागला. दुसरा जिरला असावा, असं सगळ्यांनी धरलं.

तर त्या सोमवारी साडेअकराला पाणमोट फुटली. त्याच सुमाराला वीज गेली आणि कॅमेऱ्याचा लाल दिवा विझला. एक खूर बाहेर दिसायला लागलं. एकच. दुसरं नाही आणि नाकही नाही. करडू सरळ असतं तेव्हा दोन खुरं आणि त्यांच्यावर टेकलेलं नाक दिसतं. मनकर्णानं वाट पाहिली. हरणी कळ देत होती, मान ताणत होती, आणि ते खूर तसूभरही पुढं सरकत नव्हतं. करडाची मान मागं वळली होती, हे मनकर्णाला हात न घालताही कळत होतं.

शेजारची रेश्मा धावत आली. दारात घोंगडीवर बनुबाई येऊन बसली. ती हरणीच्या आवाजाकडं कान लावून होती.

बाराला सुमेधाचा फोन आला. राशीनच्या अलीकडं उसाचा ट्रॅक्टर दोन्ही ट्रॉल्यांसकट आडवा झाला होता, रस्ता बंद. गाड्यांच्या रांगेत ते अडकले होते. दुसऱ्या वाटेनं वळसा घालायचा तर अजून दीड तास. तिचा आवाज नेहमीचा नव्हता. मनकर्णानं तिला मिरजगावच्या डॉक्टरांना बोलावू का म्हणून विचारलं. ते एका लांबच्या शिबिराला गेले असल्याचं रेश्मानं आधीच फोन करून समजून घेतलं होतं, तरी सुमेधा काय म्हणते ते ऐकायला मनकर्णानं विचारलं. सुमेधा म्हणाली, नको, बाहेरचं कुणी नको.

साडेबाराला हरणी आडवी झाली. कळा मंदावल्या. ती दात खायला लागली. मनकर्णानं तिचा ओठ वर करून पाहिला; हिरड्या पांढुरक्या पडल्या होत्या, कान गार. हे तिनं पूर्वी एकदा पाहिलं होतं, आक्काबाईच्या अंगणात, दोन वाजता.

तिनं रेश्माला चुलीवरचं गरम पाणी आणायला सांगितलं. साबणानं कोपरापर्यंत हात धुतले, बांगड्या काढून कोनाड्यात ठेवल्या, नखं पुन्हा एकदा चाचपली. रेश्मा हळूच म्हणाली, वहिनी, क्यामेरा बंद आहे, आत्ताच उरकून घ्या, कुणाला कळायचं नाही. मनकर्णानं तिच्याकडं पाहिलं, आणि आपला मोबाईल तिच्या हातात देऊन सुमेधाला व्हिडिओ कॉल लावायला सांगितलं.

सुमेधाचा चेहरा पडद्यावर आला. मागं गाडीची खिडकी, खिडकीबाहेर धूळ.

"म्याडम, लाईट गेलीय. तुमाला दिसावं म्हनून रेश्माकडं मोबाईल दिलाय. मी हात घालतीय."

"ताई, थांबा. मागच्या वेळी ओढल्यामुळंच गेलं ते. तासभर द्या मला फक्त."

"अर्ध्या तासानं हरणी न्हाई राह्याची."

सुमेधा पुढंही बोलत होती. बावीस शेळ्या, सहा वर्षं, त्या पेशी आता उरल्या नाहीत, हे शेवटचं आहे, असं काहीबाही तुटक ऐकू येत होतं. मनकर्णानं बोटांना तेल लावलं आणि पुढची कळ ओसरायची वाट पाहून हात आत सारला.

पाय लागला. पायाच्या मागं छाती, छातीवरून वर मान, आणि मान गर्रकन मागं गेलेली. बोटांच्या टोकांनी चाचपत ती जबड्यापर्यंत पोचली. तोंडात बोट घातलं. जिवंत करडू बोट चोखतं, निदान जीभ हलवतं. इथं काही नाही. तिनं खुराच्या बेचक्यात चिमटा घेतला. पाय आखडला नाही. पुन्हा घेतला, जोरात. काही नाही.

ती क्षणभर तशीच राहिली. रेश्माला वाटलं, हात अडकला.

"म्याडम, हे गेल्यालं हाय."

 पलीकडून सुमेधानं विचारलं, "कशावरून?"

"बोट चोखत न्हाई. पाय वढत न्हाई."

"तरी थांबा. गेलेलं असलं तरी ते मला अखंड हवंय. ऐका माझं."

मनकर्णानं रेश्माला सांगितलं, मोबाईल धरून ठेव, बंद करू नको.  एका तळव्यानं करडाला आत, मागं ढकललं, तेवढ्या सापडलेल्या जागेत दोन बोटं डोळ्यांच्या खाचांपर्यंत नेली आणि मान वळवायला लागली. दोनदा निसटली. तिसऱ्यांदा हरणीला कळ आली आणि मनकर्णाचं मनगट आतल्या आत असं आवळलं गेलं की तिच्या डोळ्यांपुढं काजवे चमकले.  कळ ओसरल्यावर पुन्हा बोटं चालायला लागली. दुसरा पाय पोटाखाली दुमडलेला होता, तो मुठीत झाकून सरळ केला, खूर आतून घासू नये म्हणून. मग नाक पुढं आलं. पुढच्या कळेबरोबर तिनं खालच्या अंगाला ओढलं, हळू, कळेच्या लयीत, आणि करडू बाहेर आलं.

काळंभोर करडू. ओले लांब केस अंगाला चिकटलेले. डोळ्यांवर पांढुरकी साय. ते आज मेलेलं नव्हतं.

मनकर्णानं ते गोणपाटावर ठेवलं. रेश्माच्या हातातल्या मोबाईलच्या पडद्यावर फक्त सुमेधाचा तळहात दिसत होता, तोंडावर धरलेला. बनुबाई घोंगडीवरून सरकत आत आली. तिनं चाचपून करडू शोधलं, केसांमधून बोटं फिरवली, कानाचा गाठाळ शेंडा अंगठ्यानं दाबून पाहिला.

"झुलवीच हाय," ती म्हणाली, आणि पदरानं त्याचं तोंड पुसायला लागली, जणू त्याचा उपयोग होता.

मनकर्णाला थांबायला वेळ नव्हता. हरणीच्या पोटाखाली दोन्ही हात घालून तिनं पोट वर उचलून पाहिलं, वार पडायला किती वेळ लागेल याचा अंदाज घ्यायला. पोट रिकामं लागायला हवं होतं. तिच्या तळव्यांना आत काहीतरी टणक लागलं, आणि ते टणक हललं.

तिनं पुन्हा हात आत घातला.  दोन खुरं, तळवे वर. मागचे पाय. करडू उलटं येत होतं, आणि उलट्या करडाला वेळ नसतो. नाळ दबली की ते आतच श्वास घेतं आणि गुदमरतं. मनकर्णानं दोन्ही पाय घोट्यावर धरले, कळेची वाट न बघता ओढलं आणि एका दमात करडू बाहेर काढलं.

ते लुळं होतं. तिनं नाकातोंडातला चिकट मळ बोटानं काढला, मागचे पाय धरून त्याला उलटं लटकवलं, पाणी गळू दिलं, गोणपाटानं बरगड्या चोळल्या. काही नाही. कडब्याची काडी नाकपुडीत फिरवली. काही नाही. तिनं त्याचं तोंड मुठीत मिटलं आणि नाकावर तोंड लावून फुंकर घातली, अगदी थोडी, गालातली हवा. छाती इतकी लहान होती की जास्त हवा ती फोडून टाकील अशी तिला भीती वाटत होती. एक, दोन, तीन. चोळलं. पुन्हा फुंकलं. रेश्मा रडायला लागली होती. मोबाईल हलत होता आणि त्यातून सुमेधा सांगत होती, मान सरळ ठेवा, मान लांब करा ताई. ह्या वेळी मनकर्णानं तिचं ऐकलं.

करडू शिंकलं. मग एक श्वास, त्याला शिट्टीसारखा आवाज. मग बराच वेळ काही नाही. मग दुसरा.

बेंबी अंगठ्याएवढी जाड होती आणि तिच्यातून रक्त येत होतं. मनकर्णानं आयोडिनमध्ये बुडवलेल्या दोऱ्यानं ती दोन ठिकाणी आवळून बांधली. करडाला छातीवर टेकवून बसवलं, दोन्ही बाजूंनी दगड लावले, म्हणजे ते कुशीवर पडून फुप्फुस दबायला नको. दीडला ते श्वास घेत होतं. पावणेदोनलाही घेत होतं. प्रत्येक श्वासाला शिट्टी वाजत होती, आणि ती वाजेपर्यंत गोठ्यात कुणी हलत नव्हतं. हरणीनं मान वळवली, करडाला हुंगलं आणि चाटायला लागली.

पथकाची गाडी सव्वादोनला आली. सुमेधा उतरली, धावत गोठ्यात आली आणि ऑक्सिजनची नळी करडाच्या नाकाशी धरून तासभर मातीत गुडघ्यावर बसून राहिली. निघताना मेलेलं करडू बर्फाच्या पेटीत ठेवलं. पेटी तिनं स्वतः उचलून गाडीत नेली. जिवंत करडाला हलवायचं नाही, असं मुळे डॉक्टरांनी फोनवरून बजावलं, कारण त्याच्या फुप्फुसांना गाडीचा प्रवास झेपला नसता. म्हणून ते बोरखडीतच राहिलं, आणि त्याच्याबरोबर दोन डॉक्टर पाळीपाळीनं.

तीन आठवड्यांनी संस्थेनं मनकर्णाला चौकशीसाठी पुण्याला बोलावलं. मुळे डॉक्टर सोबत होते, पण त्यांना बाहेर बसवलं. आत टेबलापलीकडं संस्थेची तीन माणसं आणि बाजूला सुमेधा. करार वाचून दाखवला. तपासणीत निघालेली गोष्टही वाचून दाखवली: पहिलं करडू निदान दोन दिवस आधीच मेलेलं होतं, आणि अजून तासभर उशीर झाला असता तर दुसरंही वाचलं नसतं. मनकर्णाला वाटलं, झालं, सुटले. पण मधल्या पिकल्या केसांच्या साहेबांनी चष्मा काढला आणि शांतपणे विचारलं, हे तुम्हाला तेव्हा माहीत नव्हतं. दुसरं करडू आत आहे हेही माहीत नव्हतं. समजा, पहिलं जिवंत असतं, आणि थांबल्यानं ते वाचणार असतं, पण शेळी गेली असती. मग?

हा प्रश्न मनकर्णानं तीन आठवड्यांत स्वतःला अनेकदा विचारला होता. सोपं उत्तर काय आहे हे तिला कळत होतं. तिनं पदर खांद्यावर नीट केला.

"तरी हात घातला असता, साहेब. करडाला मी बघितलेलं न्हवतं. हरणी माझ्याकडं बघत हुती."

 मग सुमेधानं, न विचारता, सांगितलं की मेलेलं करडू अखंड हवं म्हणून थांबा, असं आपण म्हणालो होतो, ते इतिवृत्तात लिहून घ्यावं. ती हे मनकर्णाकडं न बघता बोलली. लिहून घेतलं.

निर्णय टपालानं आला. कराराचा भंग झाल्यामुळं मनकर्णा प्रयोगातून बाद. पुढं कधी असा प्रयोग झालाच, तरी तिला बोलावलं जाणार नाही. मात्र करडू हलवण्याजोगं होईपर्यंत, ते हरणीच्या दुधावर असल्यानं, त्याला सांभाळायची तात्पुरती जबाबदारी तिच्याकडं राहील. मनकर्णानं कागद दोनदा वाचला. बाद केल्याचं वाईट वाटलं, ते तिनं लपवलं नाही.  तिसऱ्या दिवशी पलीकडच्या वाडीवरून लसीसाठी फोन आला, तशी पेटी घेऊन गेली.

करडू मादी होती. संस्थेच्या कागदावर तिला आकडा होता. बनुबाई तिला पाव्हणी म्हणायची. छातीतली शिट्टी गेली नाही. सहा महिन्यांत दोनदा न्यूमोनिया झाला, दोन्ही वेळा सगळ्यांनी आशा सोडली होती, दोन्ही वेळा ती उठली. केस गुडघ्यापर्यंत आले. वाडीतली जी माणसं लांब पळायची ती आता पाहुण्यांना घेऊन बघायला यायची.

पण बनुबाई खूश नव्हती. एके दिवशी तिनं पाव्हणीच्या तोंडापुढं माळावरच्या हिवराची डहाळी धरली. पाव्हणीनं हुंगली आणि मान फिरवली. तिला मक्याची कुट्टी आणि पेंड ठाऊक. बनुबाई म्हणाली, "केस त्येच हाईत. पर झुलवीला तिची आय माळावर न्यायची. काय खायाचं, कुठं पानी, समदं ती दावायची. हिला कोन दावनार? हरणीला तरी कुठं ठावं हाय?"

मनकर्णा त्यावर बरेच दिवस विचार करत राहिली. मग तिनं सुमेधाला फोन केला. त्या सोमवारनंतर पहिल्यांदाच. पाव्हणीला रोज थोडा वेळ माळावर नेऊ द्या, एवढंच मागितलं. सुमेधानं तिच्या फुप्फुसांची भीती सांगितली, धुळीची सांगितली, कुत्र्यांची सांगितली. सगळं खरंच होतं. मनकर्णा ऐकत राहिली. शेवटी सुमेधा म्हणाली, सकाळचा एक तास, गळ्यात पट्टा बांधून, आणि शिट्टी वाढली की लगेच परत. फोन ठेवता ठेवता तिनं विचारलं, मी पण येऊ का एकदा?

आता रोज सकाळी मनकर्णा निघण्याआधी बनुबाईजवळ बसते. बनुबाई आठवून आठवून सांगते: आधी बोराचा कोवळा शेंडा, मग मारवेलाचं गवत, हिवर उन्हं चढल्यावर, खैराच्या शेंगा फक्त सुकलेल्या. मनकर्णा ते ध्यानात ठेवते आणि माळावर जाऊन फांदी खाली ओढून धरते. पहिले दोन दिवस पाव्हणीनं पान तोंडात घेऊन थुंकलं. तिसऱ्या दिवशी मनकर्णानं स्वतःच एक बोराचं पान चावलं, तुरट होतं, आणि तिच्या तोंडाकडं बघत पाव्हणीनंही शेंडा ओढला. हरणी खाली, वाटेवरच थांबते. तिला चढ आवडत नाही. पहिल्या टेकाडाच्या निम्म्यावर गेलं की पाव्हणीच्या छातीतून शिट्टी ऐकू येते. मग मनकर्णा दगडावर बसते, पाव्हणी तिच्या गुडघ्याशी उभी राहते, आणि आवाज कमी होईपर्यंत दोघी तिथंच असतात. एखाद्या दिवशी तो कमी होतो आणि त्या चार पावलं आणखी वर जातात. एखाद्या दिवशी होत नाही, तेव्हा मनकर्णा तिला उचलून घेते आणि माघारी वळते.